झिंग्यांसाठी सापळा: नागपूरच्या आसपास, विचारून आणि पोटापुरतं

समुद्र नागपूरपासून सगळ्याच बाजूंनी लांब आहे, पण झिंग्याचं त्यावाचून अडत नाही. निदान सगळ्याच झिंग्यांचं नाही. गावतलावात, नाल्याच्या डोहात, कन्हान नदीच्या कडेच्या गवतात, कालव्याच्या फरशीखाली झिंगे असतात. संध्याकाळी सापळा टाकून सकाळी काढला की भाजीपुरते मिळतात. महागडं सामान लागत नाही, बोटही लागत नाही. दोन गोष्टी मात्र नीट कराव्या लागतात: योग्य पाणी निवडायचं, आणि टाकलेला प्रत्येक सापळा परत बाहेर काढायचा. मधलं काम हाताला लवकर बसतं.

आधी झिंगा ओळखा

आपल्याकडच्या पाण्यात तीन तऱ्हेचे झिंगे समोर येऊ शकतात. तिन्हीही मॅक्रोब्रॅकियम या एकाच वंशातले.

पहिला बारीक झिंगा. दोन-तीन इंचांचा, जवळजवळ पारदर्शक. ओंजळीत घेतला तर आधी डोळ्यांचे दोन काळे ठिपके दिसतात, मग बाकीचा जीव. मॅक्रोब्रॅकियम लमारेई ही यातली सर्वत्र आढळणारी जात. तलावातच अंडी, तलावातच पिल्लं, तलावातच म्हातारपण. याला खारं पाणी लागत नाही, म्हणून गावतलावात तो कोणी न सोडता टिकून राहतो.

दुसरा गोदावरीचा नदी-झिंगा, मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी. हा वीतभर वाढतो. कन्हान वैनगंगेला मिळते, वैनगंगा-वर्धा मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला. या झिंग्याची पिल्लं जगायला मचूळ, म्हणजे किंचित खारं पाणी लागतं. त्यामुळे पावसाळ्यात अंडी घेऊन माद्या प्रवाहाबरोबर खाली सरकतात आणि थोडी मोठी झालेली पिल्लं पुन्हा वर चढून येतात. धरणं आणि बंधाऱ्यांनी ही वाट जागोजाग अडवली आहे. नदीकाठचे जुने ढिवर, म्हणजे मासेमार, ज्या मोठ्या झिंग्यांच्या गोष्टी सांगतात त्या बहुधा याच्याच. तुमच्या सापळ्यात हा आलाच तर नशीब समजा, आणि पोटाखाली अंडी असतील तर तसाच पाण्यात सोडा.

तिसरा जंबो, हॉटेलवाल्यांचा स्कॅम्पी, मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी. नराच्या लांब निळ्या नांग्यांवरून चटकन ओळखू येतो. याच्याही पिल्लांना मचूळ पाणी हवं असतं, म्हणजे विदर्भातल्या बंद तलावात तो आपोआप वाढत नाही. कोणीतरी पैसे मोजून उबवणी केंद्रातून बीज आणलेलं असतं आणि पाण्यात सोडलेलं असतं. तलावात निळ्या नांगीचा झिंगा दिसला की ते कोणाचं तरी उभं पीक आहे असं समजायचं. तो घरी नेणं म्हणजे दुसऱ्याच्या बांधावरची तूर तोडणं. दिसला की सोडायचा आणि शक्यतो तिथून सापळाच उचलायचा.

म्हणून इथून पुढचं सगळं त्या पहिल्या, बारीक झिंग्याबद्दल आहे.

पाणी कोणाचं ते विचारा

विदर्भात बिनमालकीचं पाणी जवळजवळ नाहीच. मोठ्या जलाशयांचा आणि बहुतेक गावतलावांचा मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. पूर्व विदर्भातले जुने तलाव मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, काळातले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि कागदोपत्री ‘माजी मालगुजारी तलाव’ झाले. बोलताना सगळे मामा तलावच म्हणतात. या पाण्यावर ढिवर, भोई, कहार समाजाची घरं चालतात. कोणी मासोळी काढतं, कोणी शिंगाडा लावतं. आपण रविवारी हौस म्हणून जातो, त्यांचा तो सोमवारचा बाजार असतो.

तेव्हा पहिली पायरी सापळ्याची नाही, चहाच्या टपरीची. गावात जायचं आणि तलावाचा ठेका कोणत्या सोसायटीकडे आहे ते विचारायचं. संस्थेच्या अध्यक्षाला किंवा राखणीवर असलेल्या माणसाला भेटायचं. शब्द सरळ ठेवायचे: “काकाजी, बारीक झिंग्यासाठी चार सापळे टाकतो संध्याकाळी, सकाळी उचलतो. जाळं नाही, गळ नाही. चालते काय?” बहुतेक वेळा पहिलं उत्तर हसूच असतं, कारण शहरातला माणूस बाटली घेऊन झिंगे धरायला आलेला पाहून कोणालाही हसू येईल. मग कुठे टाकायचे हेही तोच सांगतो. काही ठिकाणी थोडे पैसे घेतात, ते द्यायचे. नाही म्हणाले तर नाही. आपण दुसरं पाणी बघायचं.

सगळ्यात सोपी जागा म्हणजे ओळखीच्या शेतातला नाला, सिमेंट बंधाऱ्यामागचं साचलेलं पाणी किंवा मातीचं जुनं शेततळं. प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं टाळा. एकतर तिथे झिंगा आपसूक नसतो. दुसरं म्हणजे त्या ओल्या प्लॅस्टिकच्या उतारावरून घसरलेल्या माणसाला, पोहता येत असलं तरी, वर चढता येत नाही. तळ्यात दोर सोडलेला नसेल तर काठावरही जाऊ नका.

काही पाणी विचारायचंही नाही. तोतलाडोह जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या आत आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला हे अभयारण्य आहे. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यात 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो आणि तिथे हौशी सापळा हाही गुन्हाच ठरतो. कायदा बाजूला ठेवला तरी रामटेक, पारशिवनी, उमरेड, भिवापूर या भागांत जंगलाला लागून असलेल्या तलावावर पहाटे आणि सांजवेळी पाणी प्यायला कोण येतं ते गावकऱ्यांना पक्कं माहीत असतं. काठावर वाकून बसलेला माणूस दुरून माणसासारखा दिसत नाही. अशा जागी सापळा उन्हं वर आल्यावरच उचलायचा, आणि तोही दोघांनी मिळून, बोलत-बोलत.

शहरातल्या पाण्याबद्दल माझं मत कडक आहे. नाग नदी आणि पिवळी नदी सांडपाणी वाहून नेतात आणि ते पुढे कन्हानमधून वैनगंगेत, म्हणजे गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात जातं. झिंगा तळाशी जे सापडेल ते खातो. तळात जे साचतं ते त्याच्या पोटात येतं, आणि त्याच्या पोटातून तुमच्या. अंबाझरी, फुटाळा, सक्करदरा हे तलाव फिरायला ठीक, ताटासाठी नाहीत. कोराडी-खापरखेड्याकडच्या राखेच्या तलावांना लागून वाहणारे नालेही तसेच सोडा. पाणी शेताचं, जंगलाच्या पायथ्याचं किंवा गावाच्या वरच्या अंगाचं असावं. कपाशीला नुकतीच फवारणी झाली असेल आणि त्यावर पाऊस पडला असेल, तर शेताजवळच्या नाल्यालाही पंधरा-वीस दिवस हात लावू नये.

कधी जायचं

झिंगा थंड रक्ताचा प्राणी. पाणी गार झालं की तो कमी हिंडतो, कमी खातो, मग आमिष कितीही चांगलं असो. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची रात्र दहा अंशांच्या आसपास उतरते तेव्हा उथळ तलावाचं पाणीही गारठतं आणि सापळे रिकामे येतात. चांगले दिवस दोन: पाऊस ओसरल्यापासून दिवाळीच्या पुढेमागेपर्यंत, आणि पुन्हा होळीच्या आसपास. मे महिन्यात पाणी आटून झिंगे एका डबक्यात गोळा होतात आणि ओंजळीने निघतात, पण तेव्हा काढू नये. तेच उरलेले जीव पुढच्या पावसात तलाव भरणार असतात.

पावसाळ्यात रात्री सांडव्याच्या ओल्या भिंतीवरून, पाण्याच्या पातळ धारेतून पिल्लं वर चढताना दिसतात. टॉर्च मारून बघण्यासारखं असतं. बघायचं आणि घरी यायचं.

झिंगा रात्रीचा. दिवसा मुळांत, दगडांच्या फटीत, पानांच्या ढिगाखाली बसतो आणि अंधार पडला की तळावर चालत निघतो. अंधाऱ्या पक्षात जास्त मिळतात असं ढिवर सांगतात आणि मलाही ते पटतं. पावसाने पाणी गढूळ झालं असेल तर तो दिवसाही बाहेर पडतो.

सापळा करायचा

सापळ्याची युक्ती एकच: आत जायची वाट रुंदीकडून अरुंदीकडे, आणि अरुंद तोंड सापळ्याच्या मध्यावर उघडणारं. झिंगा वासामागे आत येतो. परत जाताना मात्र तो भिंतीच्या कडेकडेने चाचपडतो आणि मधल्या अधांतरी भोकाकडे त्याचं लक्ष जात नाही.

बाटलीचा सापळा सगळ्यात स्वस्त. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घ्या. पाण्याच्या पातळ बाटल्या दबतात, त्या नकोत. खांदा उतरून सरळ भिंत सुरू होते तिथे कटरने गोल कापा. झाकण काढून टाका. कापलेला वरचा भाग उलटा करून आत बसवा, म्हणजे बाटलीचं तोंड आतल्या बाजूला येईल. तोंडाचा आतला व्यास साधारण दोन सेंटीमीटर असतो. बारीक झिंग्याला तो पुरतो आणि मोठी मासोळी, कासवाचं पिल्लू बाहेरच राहतं.

आता जी गोष्ट बहुतेक जण करत नाहीत ती करा. नरसाळ्याचा आतला उतार गुळगुळीत असतो आणि झिंगा पोहत येण्यापेक्षा चालत येतो. त्याचे पाय घसरतात आणि तो तोंडाशी येऊन वळतो. पॉलिश पेपरने उतार घासून खरखरीत करा. त्याहून चांगलं म्हणजे जुन्या मच्छरदाणीची दोन बोटं रुंद पट्टी काठापासून तोंडापर्यंत लावा, पायवाटेसारखी. पट्टी टाक्यांनी शिवा, डिंक पाण्यात सुटतो.

बाटलीला सगळीकडून भोकं हवीत. खिळा गॅसवर तापवून, पक्कडीत धरून भोकं पाडा, उघड्या खिडकीशी, कारण धूर वाईट असतो. भोक चार-पाच मिलिमीटरचं ठेवा. त्यातून वास बाहेर पसरतो, पाणी फिरतं आणि अगदी पिल्लं निघून जातात. कडा सुरीने खरवडून घ्या.

नरसाळं आणि बाटली जोडायला चार ठिकाणी भोकं पाडून बांधा, आणि बांधायला फक्त सुतळी वापरा. नायलॉन, तार, केबल टाय, काही नाही. सापळा हरवला, दोर तुटला, कोणी ओढून गाळात टाकला तर नायलॉनने बांधलेली बाटली वर्षानुवर्षं झिंगे धरत राहते. एक मरतो, त्याच्या वासाने दुसरा येतो. सुतळी काही आठवड्यांत कुजते, नरसाळं सुटतं आणि सापळा नुसता कचरा उरतो. कचरा वाईटच, पण निदान मारत तरी नाही. दर खेपेला सुतळी ओढून बघा, मऊ लागली की बदला.

बांबूचा सापळा मला जास्त आवडतो. बुरडाकडून करून घेता येतो: हातभर लांब, मधे फुगीर, एका टोकाला आत वळलेल्या कामट्यांचं तोंड आणि दुसऱ्या टोकाला काढता येणारं बूच. कामट्यांमधली फट गव्हाचा दाणा आडवा जाईल एवढी सांगायची. तोंडाच्या कामट्यांची टोकं मोकळी आणि लवचीक असावीत, म्हणजे आत जाताना वाकतात आणि बाहेर येताना टोचतात. नवा बांबू पहिल्या खेपेला फारसं देत नाही. दोन-तीन रात्री पाण्यात बुडवून ठेवला, त्यावर शेवाळाचा हात फिरला की झिंगा बिनधास्त आत शिरतो. गंमत म्हणजे बुरडाला आणि ढिवराला वेगवेगळं विचारलं तर तोंडाच्या मापावर दोघांचं कधी एकमत होत नाही. ढिवराचं ऐका, पाण्यात तो उतरतो.

ऑनलाइन मिळणारे घडीचे जाळीचे सापळे हलके असतात, पण त्यांची तोंडं मोठी असतात. रात्रीतून पाणदिवड साप आत शिरते, तिला हवा लागते आणि ती बुडून मरते. तसला सापळा वापरायचाच तर त्याचा वरचा भाग पाण्याबाहेर राहील असा उथळ जागी ठेवा.

आमिष

शेंगदाण्याची ढेप (पेंड) आणि तांदळाचा कोंडा, बस. कोंडा कोरड्या तव्यावर तांबूस होईपर्यंत भाजा. ढेप कुटून त्यात घाला, मूठभर कणीक घाला, थोड्या पाण्यात घट्ट मळा आणि लिंबाएवढे गोळे करून वाफवून घ्या. वाफवलेला गोळा पाण्यात लवकर विरघळत नाही. प्रत्येक गोळा मच्छरदाणीच्या तुकड्यात बांधून पुरचुंडी करा आणि सापळ्याच्या मागच्या भिंतीला लटकवा. पुरचुंडीमुळे झिंग्याला कुरतडता येतं, पण संपवता येत नाही, आणि म्हणून तो आत रेंगाळतो.

कोंबडीची आतडी, मासोळीचं डोकं यांनीही काम होतं, कधी जास्तच. पण त्या वासाला खेकडेही येतात आणि मांगूरही घुटमळतो. खेकड्याचं पोर आत गेलं की सकाळी नुसती टरफलं मिळतात. शिवाय उन्हात त्या पिशवीचा वास गाडीच्या डिकीत आठवडाभर राहतो. घरची माणसं पुढच्या वेळी जाऊ देत नाहीत, हा खर्च हिशेबात धरा.

सापळा बसवणं

सूर्य मावळायच्या तासभर आधी पोचा. काठ चालत पाहा. गुडघ्याएवढं पाणी, तळ फार मऊ नाही आणि जवळ आडोसा, अशी जागा हवी. विदर्भात हा आडोसा बहुधा बेशरमाच्या झुडपाचा असतो. काठाला वाढलेल्या बेशरमाच्या काड्या पाण्यात उतरतात, त्यांना बारीक मुळ्या फुटतात आणि त्या मुळ्यांत झिंगे दाटीने बसतात. धरणाच्या काठाला दगडी पिचिंग (रचलेल्या दगडांचं अस्तर) असेल तर त्याच्या फटी, नाल्यावर पडलेलं झाड, वाहत्या पाण्याला लागून असलेला शांत कोपरा, हेही चांगलं. शिंगाड्याच्या वेलींत झिंगे भरपूर असतात, पण तो वेल कोणाचा तरी लावलेला असतो. तिथे जायचं नाही.

आडोशाच्या आत सापळा टाकू नका, त्याच्या कडेला टाका. याला दोन कारणं. झिंगा रात्री आडोशातून बाहेर निघतो आणि कडेनेच फिरतो, हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं: दाट वनस्पती दिवसा पाण्यात ऑक्सिजन सोडतात आणि रात्री स्वतःच तो वापरतात. पहाटे अशा दाटीत ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. मोकळे झिंगे तेव्हा काठाच्या उथळ पाण्याकडे सरकतात, सापळ्यातले सरकू शकत नाहीत. सकाळी सापळ्यात सगळे मेलेले निघाले तर बहुतेक वेळा कारण हेच.

सापळ्यात मूठभर वजनाचे दोन गुळगुळीत दगड टाका. पाण्यात सोडताना बाटली तिरपी धरून सगळी हवा बाहेर जाऊ द्या, बुडबुडे थांबेपर्यंत. हवा उरली की सापळा एका टोकाने वर उचलला जातो आणि तोंड अधांतरी राहतं. तळावर टेकल्यावर काठीने दाबून अर्धं बोट गाळात रुतवा, म्हणजे तोंडाची खालची कड तळाशी सपाट होईल आणि चालत येणाऱ्या झिंग्याला उंबरा लागणार नाही. एवढ्या एका गोष्टीने मिळकतीत फरक पडतो. वाहतं पाणी असेल तर तोंड प्रवाहाच्या खालच्या बाजूला ठेवा. वास प्रवाहाबरोबर खाली जातो आणि झिंगा त्या वासावर वर चढत येतो.

पाण्यात शक्यतो उतरू नका. लांब बांबूला आकडी बांधून काठावरूनच सापळा ठेवता येतो. तलावाचा गाळ वरून घट्ट दिसतो आणि मांडीपर्यंत खेचतो. पायाला जखम असेल तर अजिबात नको, साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुताने लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. उतरावंच लागलं तर कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात, आणि पायात गमबूट नको. त्यात पाणी भरलं की पाय उचलत नाही.

दोर पाच-सहा मीटरचा, काठावरच्या खुंटीला. खुंटीला नाव आणि मोबाईल नंबर लिहिलेली पट्टी बांधा, म्हणजे राखणदाराला शंका राहत नाही. एका माणसाला पाच-सहा सापळे पुष्कळ झाले. एकमेकांपासून दहा-बारा पावलं लांब ठेवा आणि फोनमध्ये प्रत्येक जागेचा फोटो घ्या. अंधारात सगळे बेशरम सारखेच दिसतात.

सकाळी

उन्हं तापायच्या आत सापळे काढा. दोर हळू, एका लयीत ओढा. हिसका दिला की पाणी नरसाळ्यातून बाहेर धावतं आणि झिंगे त्याबरोबर निसटतात. सापळा वर येताना तोंड वरच्या बाजूला करा.

पसरट घमेल्यात तलावाचंच पाणी घ्या आणि सापळा त्यात रिकामा करा. आता निवडा, घाई न करता. झिंगा दोन बोटांत पाठीकडून धरा. डोक्यावर करवतीसारखा काटा असतो, तो बोटात गेला तर चांगलाच सलतो. उजेडाकडे धरून पोटाची खालची बाजू बघा. मादीच्या पोहण्याच्या पायांमध्ये अंड्यांचा पुंजका असतो, कधी हिरवट, कधी करडा. अंडी परिपक्व होताना त्यांत पिल्लांच्या डोळ्यांचे काळे ठिपके दिसायला लागतात. अशी प्रत्येक मादी परत पाण्यात जाते. अंगठ्याच्या पेराहून लहान झिंगे परत, मासोळ्यांची पोरं परत. मऊ कासव आलं असेल तर लगेच सोडा. पाठीखाली पायांना झाकण्या असलेलं हे तळ्यातलं कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ते घरी नेणं म्हणजे सरळ गुन्हा.

किती घ्यायचे याला कायद्याचा आकडा मी सांगत नाही, माझा नियम सांगतो: एका जेवणाला पुरतील तेवढे, आणि तीच जागा लागोपाठ दोनदा नको. रिकामी गाडी परत जायला नको म्हणून आणखी एक रात्र सापळे ठेवण्याचा मोह होतो. दिवसभर तापलेल्या उथळ पाण्यात सापळा ठेवला तर दुपारपर्यंत आतले मरतात. सकाळी काढलं की आवरायचं.

एक गोष्ट कानावर घालून ठेवतो. गावात कोणी ‘करंट लावून’ किंवा पाण्यात औषध टाकून पाच मिनिटांत बादलीभर काढून देतो म्हणाला तर त्या बादलीला हात लावू नका. पाण्यात विष किंवा स्फोटक वापरणं 1897 च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे, आणि बॅटरीच्या तारेने मासोळीबरोबर माणसंही मरतात.

घरापर्यंत आणि कढईपर्यंत

मेलेला झिंगा फार लवकर बिघडतो. त्याच्या डोक्यातल्या पचनग्रंथीचे रस मेल्यावर शरीरात पसरतात आणि मांस पिठूळ होतं. त्यामुळे दोनच मार्ग: एकतर ओल्या पोत्यात किंवा थोड्या पाण्याच्या डब्यात जिवंत आणा, नाहीतर काढल्या-काढल्या बर्फात घाला. बर्फाचं पाणी साचू देऊ नका, झिंगे त्यात भिजून बेचव होतात. बुटीबोरीहून येताना तासभर ट्रॅफिकमध्ये अडकला तरी बर्फातले टिकतात, नुसत्या पिशवीतले नाही.

घरी तीन पाण्यांतून धुवा. थोडे मोठे असतील तर डोकं पिळून काढा आणि पाठीवरचा काळा दोरा काढा. अगदी बारीक असतील तर फक्त काटे आणि मिशा खुडल्या तरी चालतं. मीठ-हळद लावून दहा मिनिटं ठेवा. गोड्या पाण्यातला झिंगा अर्धकच्चा कधी खाऊ नये, त्यात परजीवी असू शकतात. रंग पूर्ण तांबडा आणि मांस पांढरं घट्ट झालं पाहिजे. घरात कोणाला खेकडा-कोळंबीची ॲलर्जी असेल तर हाही त्याच गटातला, त्याच्या ताटात नको.

भाजी म्हणाल तर वांग्यातले झिंगे, किंवा आंबाडीतले. आंबाडीचा आंबटपणा झिंग्याचा मातकट वास खातो, म्हणून तलावाच्या झिंग्याला तीच बरी. जास्त आले तर मिठाच्या पाण्यात एक उकळी देऊन, निथळून, पातळ कापडाखाली कडक उन्हात खडखडीत वाळवा. नंतर तव्यावर भाजून लसूण आणि भिवापुरी मिरचीबरोबर खलबत्त्यात कुटा. मिक्सरमध्ये पीठ होतं, खलबत्त्यात चटणी होते.

कोकणात सापळा न्यायचा असेल तर

बाटली तीच चालेल, वेळापत्रक बदलतं. खाडीत दिवस-रात्रीपेक्षा भरती-ओहोटी मोठी. पाणी साधारण सहा तास चढतं आणि सहा तास उतरतं, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला जास्तच. संध्याकाळी गुडघाभर पाण्यात ठेवलेला सापळा पहाटे चिखलावर कोरडा पडलेला असू शकतो, किंवा डोक्यावरून दोन पुरुष पाणी गेलेलं. म्हणून दोर पाण्याच्या खोलीच्या दुप्पट आणि वजन चौपट. भरती चढायला लागताना टाका, ओहोटी लागली की काढा. कांदळवन संरक्षित आहे, त्याच्या मुळ्या तोडून वाट करू नका. तिथलेही खाडीचे हक्क गावकोळ्यांचे असतात, तेव्हा विचारण्याची पायरी तिथेही पहिलीच. दिवस मोजून गेलेल्या नागपूरकराने सापळ्यापेक्षा तिथल्या कोळ्यांबरोबर एक ओहोटी काढावी, जास्त शिकायला मिळतं.

सामान ठेवताना

परत आल्यावर सापळे साध्या पाण्याने घासून धुवा आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, दोरासकट. जलकुंभीचा एक तुकडा, माशांची अंडी, रोगाचं पाणी, काहीही ओल्या दोराला चिकटून दुसऱ्या तलावात जातं, आणि तिथे कोणाच्या तरी सोसायटीने त्या वर्षी बीज सोडलेलं असतं. बांबूचा सापळा सावलीत, टांगून. बाटलीची सुतळी त्याच वेळी कापून टाका, पुढच्या खेपेला नवी बांधता येईल.